अपडेट कोणाच्या हातात: फोन कंपनीच्या की सिमवाल्यांच्या?

२०११चा गॅलेक्सी नेक्सस फोन आठवतो? एकच फोन, पण दोन नशिबं. सुटा, म्हणजे सिम कंपनीशिवाय विकलेल्या फोनला अँड्रॉइड ४.१ जुलै २०१२मध्ये मिळालं; अमेरिकेत व्हेरायझन या सिम कंपनीने विकलेल्याला सप्टेंबर उजाडला. मधले दोन महिने सेटिंग्जमध्ये जाऊन बटण दाबायचं आणि ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ हे वाचून गप्प बसायचं.

तिकडे हप्त्यावर फोन देणारी सिम कंपनी अपडेट आधी स्वतः तपासते. कॉल, व्होल्टीई (४जीवरून होणारे कॉल), आपत्कालीन क्रमांक हे सगळं तिच्या जाळ्यावर नीट चालतंय ना, ते पाहते. हे काही उगाच नाही. पण सुरक्षेची दुरुस्तीही त्याच रांगेत अडकते, आणि वर न काढता येणारी चार अ‍ॅप्स पदरात पडतात, ती वेगळीच.

ॲपलने २००७पासून अपडेटची दोरी स्वतःकडे ठेवली. नवं आयओएस आलं की बहुतेक जगात एकाच दिवशी. गूगलच्या पिक्सेल ८ आणि सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२४ला तर सात वर्षं अपडेटचं आश्वासन आहे.

आपल्याकडे फोन बहुतेक सुटाच घेतात, म्हणून सिमवाल्यांची आडकाठी फारशी नाही. पण दुसरी बाजूही आपण पाहिली. ऑक्टोबर २०२२मध्ये ५जी सुरू झालं, आणि ५जी आयफोन हातात असूनही लोक ४जीवरच! डिसेंबरात आयओएस १६.२ आलं, तेव्हा कुठे ते चालू झालं.

तरी मी सुटाच घेईन. उशीर झालाच, तर निदान एकाच कंपनीला बोल लावता येतो.