‘गॅस संपलाय’ सांगून होणारी लूट: वजनकाटा लावल्याशिवाय एसीत गॅस भरू देऊ नका

बडोद्यात दांडिया बाजारात, जुना वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत राहणाऱ्या एका वयस्क जोडप्याकडून ऐन उन्हाळ्यात एसीच्या गॅसचे ६,८०० रुपये उकळले गेले. बिलावर मजकूर एवढाच: ‘आर-३२ गॅस, २ किलो’. एसी दीड टनी इन्व्हर्टर. त्याच्या बाहेरच्या युनिटला चिकटवलेल्या पट्टीवर कंपनीनेच छापलं आहे: आर-३२, ०.७८ किलो. यंत्र पार रिकामं असतं तरी त्यात दोन किलो गॅस घालायचा प्रश्न नव्हता. आणि ते रिकामं नव्हतंच.

तक्रार साधी होती, दुपारी खोली गार होईना. मोबाईलवर कंपनीच्या नावापुढे ‘कस्टमर केअर’ टाकून शोधलं आणि पहिला दिसला तो नंबर लावला. आलेल्या माणसाने आतलं युनिट उघडलं नाही, फिल्टर पाहिला नाही. सरळ गॅलरीत गेला, दाब दाखवणारं गेज जोडलं आणि थोड्या वेळाने आजोबांना बोलावून सुई दाखवली. सुई शून्याला टेकत आलेली. ‘काका, गेस खाली थई गयो छे’, म्हणजे गॅस संपलाय. मग सिलिंडर जोडला, सुई १३० पीएसआयवर (पीएसआय हे दाबाचं माप) आली, आतून गार वारा लागला आणि पैसे दिले गेले.

सुई शून्यावर कशी आली, ते एकदा नीट समजून घ्या. बाहेरच्या युनिटच्या कडेला दोन पितळी व्हॉल्व्ह असतात. एक बारीक नळीचा, दोन सूत म्हणजे पाव इंचाचा. दुसरा जाड नळीचा, चार सूत किंवा काही मॉडेलांत तीन सूत. गेज लागतं ते जाड व्हॉल्व्हच्या बाजूच्या छोट्या तोंडाला. दाब पाहायला बारीक व्हॉल्व्हला हात लावायची गरजच नसते. पण एसी चालू असताना त्याचं टोपण काढून एलन कीने (षटकोनी किल्लीने) तो बंद केला, की गॅसची आत जायची वाट बंद होते. कॉम्प्रेसर मात्र आतल्या कॉइलमधला गॅस ओढतच राहतो आणि बाहेरच्या कॉइलमध्ये कोंडत जातो. मिनिटा-दोन मिनिटांत सुई शून्याकडे येते. घर बदलताना गॅस वाया जाऊ नये म्हणून मेकॅनिक हेच करतात, त्याला पंप डाउन म्हणतात. गॅस सगळा यंत्रातच असतो. पुढे ‘भरताना’ तोच व्हॉल्व्ह हळूच उघडला की सुई आपोआप चढते. व्हॉल्व्ह अर्धवटच बंद केला तर सुई चाळीस-पन्नासवर अडकते आणि बारीक नळीवर पांढरा बर्फ धरतो. गॅस खरोखर कमी असतानाही तिथेच बर्फ धरतो, म्हणून हा देखावा जाणत्या माणसालाही पटतो.

त्यामुळे गेज लावताना शेजारी उभं राहा. जाड व्हॉल्व्हच्या छोट्या तोंडाचं टोपण निघालं तर ठीक. बारीक नळीच्या व्हॉल्व्हचं टोपण निघालं, तर काम तिथेच थांबवून कारण विचारा. दाब तपासण्यासाठी ते काढण्याचं एकही कारण नाही.

व्हॉल्व्हची चलाखी नसली तरीही सुईवरून गॅस किती आहे हे कळत नाही, आणि सगळी लूट याच अज्ञानावर चालते. एसी बंद असताना दाब ठरतो तो तापमानावरून. आर-३२ चा दाब ३५ अंशांना सुमारे ३०० पीएसआय, ४० अंशांना सुमारे ३४५. यंत्रात गॅस पूर्ण असो की निम्मा, आत थोडा जरी द्रव शिल्लक असेल तोवर आकडा हाच येणार. स्वयंपाकघरातला सिलिंडर भरलेला असो की संपत आलेला, शेगडीची ज्योत सारखीच असते आणि उचलल्याशिवाय अंदाज येत नाही, तसंच हे. एसी चालू असताना आर-३२ चा दाब साधारण ११५ ते १४५ पीएसआय दिसतो, पण तो कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने चालत असेल तरच. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर खोली गार होत आली की वेग कमी करतो, मग सुई वर जाते. उलट फिल्टर धुळीने बंद असेल तर गॅस पुरेसा असूनही सुई खाली येते. कुणी ‘साठ-सत्तर बरोबर असतो’ म्हणाला, तर तो जुन्या आर-२२ चा आकडा सांगतो आहे. अशा माणसाला आर-३२ च्या यंत्राला हात लावू देऊ नये.

दांडिया बाजारच्या घरात पुढे जे झालं ते पैशांपेक्षा वाईट. त्या माणसाने नुसतं नाटक केलं असतं तर यंत्र निदान वाचलं असतं, पण सिलिंडर वापरल्याचं दाखवायला त्याने थोडा गॅस खरोखर आत सोडला. जादा गॅस म्हणजे बाहेरच्या कॉइलमध्ये द्रव साचणार, उष्णता बाहेर टाकायला जागा कमी पडणार आणि दाब वाढणार. बाहेरचं युनिट गॅलरीलगतच्या अरुंद डक्टमध्ये, स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढणारं. रात्री एसी चाले, दुपारी एक-दोनच्या सुमारास कॉम्प्रेसर बंद पडे. तोच माणूस पुन्हा आला आणि म्हणाला, पीसीबी (यंत्राचं इलेक्ट्रॉनिक बोर्ड) गेली, ९,५०० रुपये. इथे मुलाला शंका आली आणि त्याने ओळखीच्या दुसऱ्या मेकॅनिकला बोलावलं.

याने प्रथम आतला फिल्टर काढला. धुळीचा जाड थर. बाहेरच्या कॉइलवर धूळ आणि कबुतरांची पिसं. मूळ दुखणं एवढंच होतं. मग त्याने रिकव्हरी मशीन लावून सगळा गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढला आणि सिलिंडर तोलला: आतला गॅस १.१२ किलो. पट्टीवर ०.७८. या मॉडेलच्या पुस्तिकेप्रमाणे पाच मीटर नळीपर्यंत जादा गॅस लागत नाही, त्यापुढे मीटरला २० ग्रॅम. इथे नळी सहा मीटर, म्हणजे हवा होता ०.८० किलो. बिलात दोन किलो लावले, आणि आत गरजेपेक्षा जादा निघाला तो जेमतेम ३२० ग्रॅम. दोन्ही कॉइल धुऊन, व्हॅक्यूम करून (पंपाने आतली हवा आणि ओल काढून), काट्यावर ०.८० किलो भरल्यावर पंधरा मिनिटांत आत शिरणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेत ११ अंशांचा फरक आला. पूर्ण वेगात आठ ते बारा अंश फरक असेल तर गॅसचा विषय काढायचं कारण नसतं. साध्या डिजिटल थर्मामीटरने हे घरीही पाहता येतं, आणि फोन करण्याआधी फिल्टर धुऊन हे पाहावंच.

गॅस तोलायला मोठं उपकरण लागत नाही. मेकॅनिककडे डिजिटल वजनकाटा असायलाच हवा. नसला तर बॅगा तोलायचा हातात धरायचा काटा चालतो, तो बडोद्यात ज्यांची मुलं परदेशी आहेत अशा अनेक घरांत असतोच. भरण्याआधी सिलिंडर तोला, वजन कागदावर लिहा, भरून झाल्यावर पुन्हा तोला. फरक म्हणजे भरलेला गॅस. दर ‘प्रति किलो’ आधी ठरवून घ्या. सिलिंडरवर गॅसचं नाव छापलेलं नसेल तर तो परत पाठवा. आर-३२ च्या यंत्रात दुसरा गॅस मिसळता कामा नये.

आता दुसरी बाजू. कधीकधी गॅस खरोखर कमी होतो. पण एसीची यंत्रणा बंद असते, गॅस वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे गळती आहे. म्हणून ‘दर वर्षी टॉप-अप लागतो’ हे वाक्य ऐकलं की समजावं, गळती न शोधता दर उन्हाळ्यात पैसे घ्यायचा बेत आहे. गळती बहुतेक वेळा फ्लेअर नटच्या, म्हणजे नळीचं टोक पसरवून नटाने आवळलेल्या, जोडावर असते. तिथे कॉम्प्रेसरच्या तेलाचा डाग दिसतो, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे येतात. योग्य क्रम असा: उरलेला गॅस काढणं, जोड दुरुस्त करणं, नायट्रोजन भरून किमान ३०० पीएसआयवर अर्धा तास दाब टिकतो का पाहणं, मग व्हॅक्यूम, मग वजनाने गॅस. दाब तपासायला ऑक्सिजन कधीही भरू देऊ नका, आतल्या तेलाबरोबर त्याचा स्फोट होतो. आर-३२ सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे आत गॅस असताना ज्योतीची टॉर्च पेटवून जोडकाम करणं धोक्याचं.

व्हॅक्यूमच्या बाबतीत तर बसवतानाच फसवलं जातं. पंप वीस-तीस मिनिटं चालवून ५०० मायक्रॉनपर्यंत (व्हॅक्यूमचं माप) उतरायचं आणि पंप बंद केल्यावर आकडा चढत नाही ना हे दहा मिनिटं पाहायचं, हे खरं काम. त्याऐवजी यंत्रातलाच गॅस काही सेकंद सोडून ‘हवा काढली’ म्हणतात. त्यात गॅस कमी होतो तो होतोच, शिवाय ओल आत राहते. तेल ती शोषून घेतं, आम्ल तयार होतं आणि कालांतराने कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळतं. तोवर बसवणाऱ्याचं नावही लक्षात राहिलेलं नसतं. पंप आणलेला नाही, असं दिसलं तर बसवण्याचं काम दुसऱ्या दिवसावर ढकला. एक दिवस उकाडा सोसणं परवडतं.

याच घरात बसवताना तांब्याच्या नळीतही हात मारलेला निघाला. भिंतीवरचा मार्ग सहा मीटर. तीन मीटर नळी एसीच्या खोक्यातच आली होती, म्हणजे जादा लागली तीन मीटर. बिल सहाचं. वर नळी पातळ. चार सुती नळीची जाडी ०.८ मिलिमीटर असेल तर आवरण काढलेल्या एक मीटर तुकड्याचं वजन सुमारे २७० ग्रॅम भरतं. २४ गेज जाडीची पातळ नळी असेल तर १९० च्या आसपास. दोन सुतीला हेच आकडे १२५ आणि ९०. उरलेला तुकडा मागून घ्या, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, मीटरचा हिशेब करा. कानशीने ओरखडा काढून पाहा. आतून पांढरं दिसलं तर वर नुसता तांब्याचा मुलामा आहे, आत ॲल्युमिनियम. पातळ नळीचं फ्लेअर घट्ट करताना तडकतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘गॅस संपला’ ची खरी सुरुवात तिथून होते.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरून किंवा यंत्राच्या पट्टीवरून घ्यावा, शोधून आलेल्या पानावरून नाही. फोनवर कुणी ‘नोंदणीचे दहा रुपये’ म्हणून लिंक किंवा मोबाईलचा ताबा देणारं ॲप घ्यायला सांगितलं तर फोन ठेवा; पैसे गेलेच असतील तर ताबडतोब सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, कळवा. कामाच्या फसवणुकीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. तिथे निकाल लागला नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात, घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. या कुटुंबाने तक्रारीसाठी जमवलेले कागद असे: ‘२ किलो’ लिहिलेलं बिल, यूपीआयची पावती, यंत्राच्या पट्टीचा फोटो, आणि दुसऱ्या मेकॅनिकने सही करून दिलेली नोंद, काढलेला गॅस १.१२ किलो.