कर्नाळा की फणसाड?

रायगड जिल्ह्यातलं एकच जंगल करायचं असेल तर कुठलं, असं मित्रमंडळी अधूनमधून विचारतात. मी कर्नाळा आणि फणसाड ही दोन्ही अभयारण्यं पाहिलीत. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

सोयीच्या बाबतीत कर्नाळ्याचा हात कोणी धरणार नाही. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी थेट फाटकाशी सोडते, दुपारपर्यंत फिरून घरी. आकारानं छोटं, जेमतेम १२ चौरस किलोमीटर, पण पक्ष्यांची रेलचेल. पावसाच्या तोंडावर तिबोटी खंड्या हा इवलासा रंगीत पक्षी बघायचा असेल तर पुढचं वाचूच नका, कर्नाळाच गाठा. हरियाल नावाची पायवाट मुलांनाही झेपते. आतल्या कर्नाळा किल्ल्यावर गेलात तर सुळक्याला आग्या मोहोळं असतात, तेव्हा अत्तर लावून जाऊ नका.

माझं बिनसलं ते हॉर्नमुळे. मुंबई-गोवा महामार्ग अभयारण्यातूनच जातो. ओल्या सकाळी शीळकरी कस्तुरानं लांबलचक शीळ घातली, आता दुसरी कुठून येते म्हणून कान टवकारले, तर खालून ट्रेलरचा प्रेशर हॉर्न. पक्षी गप्प. पुन्हा वाट बघा, पुन्हा हॉर्न. शनिवार-रविवारी त्यात सहलीच्या टोळ्यांची भर. कुणाला हे क्षुल्लक वाटेलही. पण पक्षी बघण्याआधी ऐकायचा असतो हो.

फणसाड मुरुड आणि रोह्याच्या मधे, कर्नाळ्याच्या चौपटीहून मोठं. जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीसाठी राखलेलं रान, १९८६ साली अभयारण्य झालं. आत मांडीएवढ्या जाड गारंबीच्या वेली एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या. चिखलगाणाच्या पाणवठ्याकडे जाताना डोक्यावर सालींचा कचरा पडू लागला, वर पाहिलं तर शेकरू निवांत फळ कुरतडत बसलेलं. पानांची सळसळ सोडली तर कसलाच आवाज नाही.

गैरसोयी आहेतच. एसटी मोजक्या, फोनला रेंज लागली तर लागली, आणि प्राणी दिसतीलच असं नाही. लहान मूल किंवा गुडघेदुखीवाले आजोबा सोबत असतील तर मी तरी आग्रह धरणार नाही. बाकीच्यांनी आदल्या संध्याकाळी जंगलालगतच्या सुपेगावात पोचावं, वाटाड्या आणि जेवण आधीच सांगून ठेवावं आणि उजाडता उजाडता आत शिरावं. पायमोजे लांब घाला, गोचीड असतात.