हाताने बांधलेला रॉड, दोन बुडबुड्यांसकट

मालवणातल्या एका पोराकडून साडेसात फुटी गळाचा रॉड बांधून घेतला, खाडीतल्या तांबोशी माशासाठी. तिसऱ्या गाईडवरच्या (गळाची दोरी ओवायच्या कडीवरच्या) इपॉक्सीच्या लेपात मोहरीएवढे दोन बुडबुडे, ती कडी बांधणाऱ्या हिरव्या दोऱ्याच्या वेढ्यांत केसभर फट. "काका, परत आणा, कापून नवा दोरा गुंडाळतो," म्हणाला बिचारा.

दोन रात्री विचार केला. गाईडचा पाय अंगठ्याने रेटून पाहिला, जागचा हलला नाही. फटीवर इपॉक्सी पूर्ण चढलंय, म्हणजे खारं पाणी आत शिरायची भीती नाही. उलट दोरा कापताना ब्लेड घसरून कार्बनच्या दांड्यावर ओरखडा उठला, तर रॉड नेमका तिथंच मोडायचा. नको म्हटलं.

परवा देवबागला अडीच किलोची तांबोशी लागली. बुडबुडे तिला दिसले नसावेत. मुठीचा कॉर्क मात्र टोचतो, तो पॉलिश पेपरने घासणार.