घर विकताना एक रविवार दार उघडं ठेवायचं, की एकेकाला बोलवायचं?

नाशकात जुना फ्लॅट विकायला काढला की तो दाखवायची एकच पद्धत आपल्या ओळखीची असते. एजंटचा फोन येतो, "मॅडम, पार्टी घेऊन येतोय, अर्ध्या तासात पोचतो," आणि आपण ओट्यावरची भांडी आवरायला धावतो. दुसरी पद्धत म्हणजे अमेरिकेत रुळलेलं ओपन हाउस. सुट्टीच्या दिवशी दोन-तीन तास दार उघडं, बाहेर पाटी, ज्याला यायचं त्याने यावं. बिल्डरचा सॅम्पल फ्लॅट किंवा बिल्डरांच्या क्रेडाई संघटनेचं 'शेल्टर' प्रदर्शन पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही, पण तिथे घरं नवी असतात.

मी दोन्ही करून पाहिलं आहे. आईबाबांचा इंदिरानगरचा टू बीएचके एकेकाला दाखवून विकला. मावशीचा गंगापूर रोडचा फ्लॅट रिकामा होता, तिथे एका रविवारी दार उघडं ठेवलं.

इंदिरानगरला पाच महिने लागले. बाबांची दुपारची झोप गेली, आईला प्रत्येकाला चहा विचारल्याशिवाय चैन पडेना. एका एजंटने तर सलग तीन शनिवार वेळ घेऊन कुणालाच आणलं नाही. तरी त्या पद्धतीचा मोठा गुण तिथेच कळला. ज्यांनी शेवटी घर घेतलं ते कुटुंब चार वेळा आलं. पहिल्यांदा नवरा-बायको, मग सासू-सासरे, मग मोबाइलवर होकायंत्र लावून उंबऱ्यात उभे राहणारे एक काका, आणि चौथ्यांदा त्या ताई एकट्याच, सकाळी सहाला, पाणी किती दाबाने येतं ते बघायला. त्यांनी नळ पूर्ण सोडला, बादली भरेपर्यंत घड्याळ बघितलं, मग बाथरूमच्या मागच्या भिंतीवर तळहात टेकवून ओल आहे का ते पाहिलं. आपल्याकडे घर असंच घेतलं जातं. आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे हप्ते घालायचे तर माणूस चार वेळा येणारच, आणि आलाच पाहिजे.

म्हणून ओपन हाउसकडून पहिल्या भेटीपुरतीच अपेक्षा ठेवा. पुढच्या तीन भेटी चुकत नाहीत. पण बाबांची झोप मोडणाऱ्या पस्तीस-चाळीस चकरा बहुतेक पहिल्या भेटीच्याच होत्या, आणि त्या सगळ्या एका सकाळी उरकता येतात.

मावशीकडे आम्ही अकरा ते दोन अशी वेळ ठेवली, कारण गॅलरीत ऊन तेवढाच वेळ असतं. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून मुंबईहून येऊन घर बघून संध्याकाळी परतणंही सोपं झालंय, त्यामुळे ठाण्याची दोन कुटुंबं आली. साडेअकरापर्यंत दाराबाहेर चपलांचा ढीग झाला. त्या चपलांनी जे काम केलं ते कुठल्याच जाहिरातीने केलं नसतं. नंतर येणारा आधी चपला बघायचा, मग घर. इंदिरानगरला प्रत्येक जण "फायनल किती?" असं विचारून आकडा खाली ओढायचा, कारण आपल्याशिवाय गिऱ्हाईक नाही असंच त्याला वाटायचं. इथे किंमत कागदावर लिहून भिंतीला लावली होती आणि सगळ्यांना तीच दिसत होती. त्या दिवशी कुणी घासाघीस केली नाही.

एकोणीस कुटुंबं आली, सहा पुन्हा आली. घर मात्र घेतलं समोरच्या काकूंच्या भाचीने. काकू नुसत्या बघायला आल्या होत्या, शेजारच्या घराचं स्वयंपाकघर आतून कसं आहे एवढ्याच उत्सुकतेने. सोसायटीतले असे बघे नकोसे वाटतात, पण बिल्डिंगचं पाणी, पार्किंग आणि माणसं त्यांना ठाऊक असतात. त्यांनी शिफारस केली की समोरच्याची अर्धी शंका मिटते.

आता धोके. चोरीची भीती खरी आहे. देव्हाऱ्यातली चांदी, औषधं, चेकबुकं आदल्या दिवशीच बाहेर न्या, आणि प्रत्येक खोलीत घरचं एक माणूस असू द्या. दारात वही ठेवून नाव आणि फोन नंबर लिहून घ्या. फाटकावरचा वॉचमन गोंधळू नये म्हणून सेक्रेटरींना आधी लेखी कळवा. दलालीचा घोळ याहून त्रासाचा. महिन्यापूर्वी एजंटने आणलेली पार्टी रविवारी आपली आपण आली, तर दलाली कुणाची? आधी दाखवलेल्यांची नावं एजंटकडून अगोदरच लिहून घ्या आणि टक्का ठरवून टाका.

सगळ्यात मोठी जोखीम फारसं कुणी बोलून दाखवत नाही. एकेकाला दाखवताना घर पडून राहिलं तरी ते चार भिंतींत राहतं. दार उघडं ठेवलं आणि तीन तासांत दोनच माणसं आली, तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या कॉलनीला कळतं आणि पुढचं गिऱ्हाईक तेवढा आकडा पाडून मागतं. म्हणून आसपासचे अलीकडचे व्यवहार किती रुपयांना झाले हे इंडेक्स टूवरून, म्हणजे नोंदणी झालेल्या व्यवहाराच्या सरकारी उताऱ्यावरून, तपासल्याशिवाय हे करू नका. किंमत चढी लावून नशीब अजमावायचं असेल, तर एकेकाला बोलवणंच बरं.

घरात वयस्कर किंवा आजारी माणूस असेल, दहावी-बारावीचं मूल असेल किंवा भाडेकरू राहत असेल, तर माझं स्पष्ट मत ओपन हाउसच्या विरोधात आहे. भाडेकरूच्या संसारातून वीस अनोळखी माणसं फिरवणं मला पटत नाही. इंदिरानगरचं घर आज विकायचं असतं तरी एकेकालाच दाखवलं असतं, फक्त वेळ शनिवार संध्याकाळ एवढीच ठेवली असती. घर रिकामं असेल, उजेड चांगला असेल, भाव वाजवी असेल आणि विक्रीची घाई असेल, तर मात्र एक रविवार जरूर काढा. पितृपक्ष टाळा, त्या पंधरवड्यात बघायलासुद्धा कुणी फिरकत नाही. पंचवटी-तपोवनाच्या बाजूला घर असेल तर सिंहस्थातल्या पर्वण्यांच्या तारखाही बघून घ्या, गाडी दारापर्यंत येणार नाही.

त्या दिवशी टेबलावर एक फाइल असू द्या. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, आधीचं खरेदीखत, पूर्णत्वाचा दाखला, घरपट्टी आणि वीजबिलाच्या पावत्या, कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, सगळ्यांच्या झेरॉक्स. आधार-पॅनचे आकडे झाका आणि फोटो काढू देऊ नका. आम्ही सोबत एक साधा कागद ठेवला होता. व्यवहार ५० लाख किंवा त्याहून जास्तीचा असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापायचा, महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत, नोंदणी फी जास्तीत जास्त ३० हजार, सोसायटीची हस्तांतरण फी जास्तीत जास्त २५ हजार. हॉलच्या फरशीपेक्षा लोक त्या कागदापाशी जास्त वेळ थांबले. काकूंनी त्याचाच फोटो काढून भाचीला पाठवला होता.