आठ महिने वापरल्यावर: ३० एमएमचा गाईडस्कोप आणि त्याचा फोकस

ऑक्टोबरपासून मेअखेरपर्यंत हा गाईडस्कोप, म्हणजे फोटो काढताना मुख्य दुर्बीण ताऱ्यांमागे नीट फिरते ना यावर नजर ठेवणारी छोटी जोडदुर्बीण, मी जवळपास दर अमावास्येला वापरला. भिंग ३० एमएमचं, फोकल लेंथ १२० एमएम, म्हणजे एफ/४. मागे ३.७५ मायक्रॉन पिक्सेलचा मोनो कॅमेरा, लॅपटॉपवर पीएचडी२, म्हणजे तारा धरून माउंटला, दुर्बीण फिरवणाऱ्या मोटरच्या स्टँडला, दुरुस्त्या देणारं गाईडिंगचं सॉफ्टवेअर. मुख्य दुर्बीण ७२ एमएमची, ४२० फोकल लेंथची.

वस्तू चांगली आहे, पण फोकस समजेपर्यंत माझ्या दोन रात्री वाया गेल्या. याला फोकसची चावी नाही. पुढची भिंगाची नळीच आट्यांवर फिरवायची आणि मागची रिंग आवळायची.

पहिल्या वेळी पुण्यात गच्चीवरून, दोनशे मीटरवरच्या पाण्याच्या टाकीवर फोकस केला. टाकीच्या शिडीची पायरी न् पायरी दिसत होती. रात्री भोरच्या पुढे शेतावर पोचलो तर ताऱ्यांचे नुसते पुंजके. नंतर गणित केलं. फोकल लेंथच्या वर्गाला अंतराने भागलं की फोकस किती सरकतो ते कळतं. टाकीसाठी ०.०७२ एमएम. एफ/४ला दोन्ही बाजूंना जेमतेम ०.०२ एमएम चालतं. दोन किलोमीटरवरच्या मोबाइल टॉवरसाठी हाच आकडा ०.००७ येतो. तेव्हापासून दिवसाचा फोकस टॉवरवरच.

दुसऱ्या रात्री कॅलिब्रेशनच होईना. यात सॉफ्टवेअर माउंट थोडा हलवून तारा किती सरकतो ते मोजतं. तारा पुरेसा हलला नाही, असा संदेश पुन्हा पुन्हा. दीड तास केबली तपासल्या. शेवटी स्टार प्रोफाइल, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाचा आलेख, उघडलं तर सुईसारखं एकाच पिक्सेलचं टोक! माउंट हलवला तरी तो ठिपका जागचा हलेना. हॉट पिक्सेल होता तो, म्हणजे प्रकाश नसतानाही उजळ दिसणारा कॅमेऱ्याचा पिक्सेल. फोकस उडाल्यामुळे खऱ्या ताऱ्यांचा प्रकाश पसरून फिका पडला होता, म्हणून सॉफ्टवेअरने तो ठिपकाच तारा समजून धरला. डार्क लायब्ररी, म्हणजे असे पिक्सेल वजा करायला भिंग झाकून काढलेल्या फ्रेम, करून ठेवाच, पण मूळ दुखणं फोकसचं.

आता रात्री मध्यम तेजाचा तारा घेते, एक्स्पोजर दोन सेकंद. प्रोफाइलचा माथा सपाट दिसला तर गेन, म्हणजे कॅमेरा सिग्नल किती वाढवतो ते, उतरवते, कारण सॅच्युरेट झालेल्या, म्हणजे पिक्सेलची मर्यादा गाठलेल्या, ताऱ्यावर फोकस कळत नाही. नळी केसभर फिरवायची, तीन-चार फ्रेम थांबायचं आणि एचएफडी बघायचा, म्हणजे ताऱ्याचा अर्धा प्रकाश मावणाऱ्या वर्तुळाचा व्यास पिक्सेलमध्ये; तो जितका लहान तितका फोकस नेमका. हवेच्या थरथरीने एकेका फ्रेमचा आकडा फसवतो. माझ्याकडे तो ६-७ वरून २.६ पर्यंत उतरतो. पुन्हा वाढू लागेपर्यंत पुढे जायचं आणि मग मागे यायचं.

खरी तक्रार रिंगेची. ती आवळताना भिंगाची नळीही सोबत फिरते, आणि २.६ चे लगेच ३.४ होतात. डाव्या हाताने नळी घट्ट धरून, आकड्यावर नजर ठेवूनच आवळावी लागते. जमल्यावर नळी आणि रिंग दोन्हींवरून नेलपेंटची एक रेघ ओढली. कॅमेरा तर काढतच नाही, कारण तो किती आत बसतो त्यावरही फोकस ठरतो.

गाईडिंगला फोकस जरा उडवलेला बरा, असं बरेच जण सांगतात. मीही करून पाहिलं. पीएचडी२ एकाच वेळी नऊ तारे धरत होतं, ते तीनवर आलं. एवढ्या छोट्या भिंगाला मुळात प्रकाशच कमी. तो पसरवून टाकणं मला तरी पटत नाही. नीट फोकस लागल्यावर माझा आरएमएस, म्हणजे गाईडिंगची सरासरी चूक, १.७ वरून १ आर्कसेकंदाच्या (अंशाच्या ३६००व्या भागाच्या) आसपास आला, आणि रोझेट नेब्युलाच्या पाच-पाच मिनिटांच्या फ्रेममध्ये तारे गोल आले. मुख्य कॅमेऱ्याचा एक पिक्सेल आकाशाचा २.१ आर्कसेकंदांचा तुकडा टिपतो, त्याला एवढं पुष्कळ झालं.

थंडीत संध्याकाळ ते पहाट तापमान बारा-तेरा अंशांनी उतरतं, म्हणून मध्यरात्री एकदा एचएफडी बघते. आकडा वाढत असेल आणि सगळे तारे एकदम फिके पडत असतील, तर नळीला हात लावायच्या आधी भिंगावर टॉर्च मारा. जानेवारीत मी फोकस हलवून बसले होते आणि भिंगावर दव होतं. नंतर हीटरचा पट्टा घेतला.

सध्या सगळं सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात आहे, कॅमेऱ्यासकट. नेलपेंटची रेघ जुळलेली आहे, एवढं बघून झाकण लावलं.