नेवाड्याचे रानघोडे: हाका की डार्ट?

अमेरिकेत नेवाडा-युटाकडे राहत असाल, तर कधी ना कधी एखाद्या रानघोड्यांच्या कळपाचा आराखडा लोकांच्या मतासाठी पुढे येतोच. घोडे उचलून न्यायचे की त्यांची वीण रोखायची, एवढाच खरा प्रश्न असतो.

1971 च्या कायद्याने या घोड्यांना संरक्षण मिळालं. सरकारी जमिनी सांभाळणाऱ्या ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंटच्या हिशेबाने सरकारी माळ साधारण 26 हजार घोडे-गाढवं पोसू शकतो. 2024 मध्ये ती 73 हजारांच्या घरात होती, आणि कळप वर्षाला 15-20 टक्क्यांनी वाढतात.

हाक्यात हेलिकॉप्टर कळपाला नरसाळ्यासारख्या कुंपणाकडे पिटाळतं. तोंडाशी सोडलेला शिकवलेला घोडा आत धावतो, बाकीचे त्याच्यामागे. पाणवठे आटले असतील तर इतका झटपट दुसरा उपाय नाही. पण पुढे काय? दत्तक घेणारे पुरत नाहीत, निरोगी जनावरं मारायला अमेरिकी संसद पैसे देत नाही. मग 60 हजारांहून जास्त जनावरं सरकारी चाऱ्यावर बसतात आणि साऱ्या कार्यक्रमाचा दोन-तृतीयांश खर्च तिथेच जिरतो. दत्तक घेणाऱ्याला हजार डॉलर देऊनही पाहिलं. काही घोडे कसायाच्या वाटेला गेल्याची ओरड झाली आणि 2025 मध्ये कोर्टाने ती योजना रद्द केली. शिवाय माळावर उरलेल्यांना गवत-पाणी मुबलक मिळतं, म्हणजे वीण आणखी जोमात!

डार्ट म्हणजे बंदुकीतून लांबून मारायची लसीची सुई. त्यातली पीझेडपी ही गर्भ रोखणारी लस डुकरिणीच्या अंडाशयातल्या प्रथिनापासून बनते. ती टोचलेली घोडी माजावर येते, पण गाभण राहत नाही. मेरीलँडच्या असाटीग बेटावर 1994 पासून अनेक वर्षं हेच केलं आणि तिथला कळप 175 वरून 80 च्या आसपास आला. मात्र तिथे घोडी न् घोडी ओळखीची, माणसाला सरावलेली. लसीचा असर जेमतेम वर्षभर. नेवाड्याच्या माळावर माणूस दिसला की कळप टेकडीपार. दरवर्षी डार्ट मारायला गाठायचं कुणाला?

म्हणून छोट्या, ओळखीच्या कळपाला मी डोळे मिटून डार्ट म्हणेन. अफाट माळावर हाका टळत नाही, पण नुसता हाका म्हणजे दर चार-पाच वर्षांनी तोच खर्च. परत सोडायच्या घोड्यांपैकी माद्यांना गोनाकॉन ही वीण रोखणारी दुसरी लस टोचली तर दुसऱ्या डोसानंतर असर काही वर्षं टिकतो; तो दुसरा डोस होईपर्यंत बहुधा त्यांना कोंडवाड्यात ठेवावं लागतं. आराखडा हातात आला की पहिल्यांदा तेच शोधा: किती माद्या टोचून सोडणार, आणि दुसरा डोस नक्की कधी.