पायानं अधू घोडा दोस्ताच्या तबेल्यात ठेवलाय, कसं चाललंय ते सांगतो

बेळगाव भागात घोडा ठेवायला जागा बघणाऱ्यांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांचा घोडा लंगडतोय त्यांच्यासाठी. चांगला धडधाकट घोडा कुणीबी ठेवून घेतं, लंगडा म्हटलं की "बघूया, सांगतो" आणि मग फोनच लागत नाही. आमचा बादल घोडागाडी शर्यतीतला. चंदी (दाणा) जास्त, त्यात डांबरी रस्त्यावर पळवणं, आणि पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस. म्हणजे खुराचं कवच आणि आतलं हाड यांना धरून ठेवणारा जो थर असतो तो सुजतो, लय वाढलं तर ते हाड आतल्या आत कलतं. एक्सरेत थोडं कललेलं दिसलं. डॉक्टर म्हणाले मऊ जागा, आराम, खाण्यावर कंट्रोल. आमच्या शहापुरातल्या घरामागं फरशी, मऊ जागा आणू कुठनं? म्हणून कडोली भागात एका दोस्ताचा तबेला आहे तिथं पाठवला. त्याचे स्वतःचे लग्नाचे घोडे आहेत, बाहेरचे पण ठेवून घेतो.

रेट महिन्याला 8 हजार, त्यात चारा, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा माणूस), रोजचा खरारा (अंग घासणं) आलं. नालबंद, डॉक्टर, औषधं आपली आपण. दोस्त म्हणून कमी लावलेत असं नाही, सगळ्यांना तेवढेच, आणि मला तेच बरं वाटलं.

जागा माळावरची, मुरमाड, पाणी थांबत नाही. खानापूर-जांबोटीकडं एक जागा स्वस्तात मिळत होती पण तिकडं पावसाळाभर जमीन ओलीच, खुराच्या मधला मऊ त्रिकोणी भाग काळा पडून वास मारायला लागतो, एका दुखण्यावर दुसरं कशाला. इथं बादलच्या खोलीत खाली वाळू नि वर भाताचं पिंजर जाड अंथरलेलं असतं. बसला तरी कोपरं सोलवटत नाहीत, आणि या आजारात घोडा जेवढा बसंल तेवढं चांगलं कारण पायावरचा भार उतरतो.

पण खरे पैसे वसूल होतात ते दोस्ताच्या नजरेत. सकाळी चारा टाकायच्या आधी तो बादलच्या पायाशी उकिडवा बसतो, खुराच्या वर जो सांधा आहे त्याच्या मागच्या बाजूला दोन बोटं दाबून धरतो आणि गप्प बसतो. तिथली नाडी एरवी जेमतेम लागते, आजार उसळला की ठणठण उडते. मग तळहात खुरावर ठेवून गरम आहे का बघतो, दोन्ही पाय, रोज. एकदा मी तिथं उभा राहून काहीतरी विचारायला गेलो तर, "थांब की जरा, मोजूलालोय." नाडी उडालेली वाटली की लगेच मला आणि डॉक्टरला फोन, दुपारपर्यंत वाट बघत नाही. दुसऱ्या जागेवर एवढं कोण करतंय सांगा. घोडा पुढचे पाय लांब टाकून मागं रेलून उभा राहिला तर "दमला असंल" म्हणून सोडून देणारी जागा पण मी बघितलीय.

घ्यायच्या आधी त्यानं ग्लँडर्सचा (घोड्यांचा एक साथीचा रोग) रिपोर्ट मागितला. मला जरा राग आला, एवढी वर्षांची दोस्ती आणि कागद मागतोय. पण बरोबरच आहे, तो रोग माणसाला पण होतो आणि एक घोडा पॉझिटिव्ह निघाला तर सगळ्या तबेल्याची ये-जा बंद. सरकारी दवाखान्यातनं रक्त पाठवलं, रिपोर्ट आला, मगच गाडी भरली. धनुर्वाताचं इंजेक्शन पण बघून घेतलं.

खाण्याचं सांगतो. साखरेनं हा आजार उसळतो, म्हणून हरभरा बंद, गूळ बंद. 350 किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण 5 ते 7 किलो कोरडा चारा, गवत अर्धा-एक तास पाण्यात भिजवून ते पाणी ओतून टाकायचं, साखर थोडी उतरते. हिरवी ज्वारी तो कुठल्याच घोड्याला देत नाही, मूत्राशय आणि मागचे पाय जातात म्हणून. इथपर्यंत शंभर मार्क.

आता तक्रार. आपल्याकडं गळीत हंगामात उसाचं वाडं फुकट मिळतं, सगळी जनावरं त्याच्यावरच. दोस्त घोडे घेऊन गोकाककडं लग्नाला गेलेला, मागं नवीन पोरगं होतं, त्यानं सगळ्यांना टाकलं तसं बादलला पण टाकलं. दुसऱ्या दिवशी घोडा जागचा हलंना. पोराची चूक नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, सगळं दोस्ताच्या डोक्यात. तो हजर असला तर तबेला एक नंबर, तो नसला की सुट्टीच्या दिवसाची शाळा. भांडण झालं, मग दारावर मराठी आणि कन्नडमध्ये पाटी लागली, काही खायला घालू नका. तरी रविवारी पाव्हणे केळी घेऊन येतातच.

दुसरं, दोस्ताला घोडा कोंडलेला बघवत नाही. "सोड की माळावर, मन मोकळं होईल" हे किती वेळा ऐकलं. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय नाही म्हणजे नाही, हे फोनवर बोलून भागत नाही, मी लिहूनच दिलं. त्याच कागदावर हे पण आहे की दुखणं कमी करायचं औषध कुणाच्या परवानगीनं द्यायचं (औषधानं लंगडणं झाकलं जातं, घोडा बरा झालाय म्हणून लोक पळवतात), किती खर्चापर्यंत मला न विचारता डॉक्टर बोलवायचा, आणि वाईट वेळ आली तर शेवटचं कोण ठरवणार. हे लिहिताना दोघं पण अवघडलो, पण दोस्त असल्यामुळंच लिहायला पाहिजे, परक्याशी माणूस निदान भांडू तरी शकतो. हिशोब मात्र अजून व्हॉइस मेसेजवर येतो, त्यात निम्मं पावसाचं बोलणं.

बादल आता चालीत सरळ चालतोय, दुडकीत कडक जमिनीवर अजून मान वर टाकतो, म्हणजे दुखतंय. खूर महिन्याला साधारण 1 सेंटीमीटर वाढतो, वरनं खालपर्यंत नवीन यायला वर्षभर धरा, त्यामुळं दोन महिन्यांत बरा करून द्या म्हणणाऱ्यांनी इकडं येऊ नका. रोज इंजेक्शन लागणारा किंवा आडवा पडलेला घोडा पण इथं नको, त्याला दवाखानाच पाहिजे. आराम आणि नजर पाहिजे असेल तर मी पाचात चार देतो, एक त्या उसाच्या वाड्याचा कापला.

नालबंद बाहेरनं येतो, पाच-सहा आठवड्यांनी. वैशाखातल्या शिवजयंतीच्या मिरवणुकीआधी तो घोड्यांना नाल मारण्यात अडकलेला असतो, तारीख आधीच धरून ठेवा.